नाईट करून आलेल्या माणसाला घरात दिवसा झोपू कसं द्यायचं?

गोदाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी बायको नाशिकमधल्या एका खाजगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. महिन्यातून एकदा सलग सात नाईट लागतात, रात्री आठ ते सकाळी आठ. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सांगून, निघेपर्यंत साडेआठ होतात. घरी येऊन आंघोळ, चहा, आणि पावणेदहाला आडवी होते. साडेअकराला उठून मुलीचं आवरते, तिची शाळा साडेबाराची. मुलगी रिक्षात बसली की पुन्हा एकला झोपते ते तीनपर्यंत, कारण मग आईच्या चहाची वेळ होते. मधल्या वेळात कुकर, पार्सलवाला, वरच्या मजल्यावर चाललेलं फरशीचं काम. घर दोन खोल्यांचं. मी सकाळी नऊला बँकेत जातो, त्यामुळे यातलं बरंचसं मला गेल्या महिन्यापर्यंत माहीतही नव्हतं.

गेल्या महिन्यात पाचव्या नाईटनंतर द्वारका चौकाच्या अलीकडे सिग्नलला स्कूटीवर पाय टेकून उभी असताना तिचा डोळा लागला. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, ती दचकली, ॲक्सिलरेटर पिळला गेला आणि गाडी आडवी झाली. गुडघा खरचटण्यावर निभावलं. हे तिने मला दोन दिवसांनी सांगितलं. वर म्हणाली, "पडले त्याचं काही नाही. त्याच रात्री इन्सुलिन भरताना आपण किती भरलं हे मला आठवेना, म्हणून मी दोनदा सिरिंज रिकामी केली. त्याची भीती बसलीय."

दोन प्रश्न आहेत. एक, तुमच्या घरात कोणी नर्स, डॉक्टर, टेक्निशियन असेल तर त्यांच्या दिवसाच्या झोपेची सोय तुम्ही कशी लावता? दुसरा, सलग सात नाईटबद्दल मी मेट्रनना (मुख्य परिचारिकांना) जाऊन भेटावं का? बायको नको म्हणते.

रातराणी

सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते: नवऱ्याने जाऊन भेटू नका. तिथे ते तिच्यावरच उलटतं. वॉर्डातल्या चार-पाच जणींनी मिळून लेखी द्यावं.

आता घरचं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मधलं ते साडेअकराचं उठणं बंद करा. पाच तास सलग आणि दोन-दोन तासांचे दोन तुकडे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलीचं आवरणं आजी करेल, किंवा तुम्ही सकाळी तिचा डबा-दप्तर करून जा.

घरी येताना तिला गॉगल लावायला सांगा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला, झोप उडते. खिडकीला काळं जाड कापड. पंखा मोठा ठेवा, त्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात. पहाटे तीननंतर ड्युटीवर चहा घ्यायचा नाही, चहा-कॉफीचा निम्मा अंमल पाच-पाच तास राहतो. आणि घरी आल्यावर पोट भरून जेवायचं नाही, पण उपाशीही झोपायचं नाही. मी मऊ भात-दूध खायचे.

शेवटचं, पण मला सगळ्यात जास्त छळलेलं. "आज तू घरीच आहेस ना?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. सिलिंडर येणार आहे, तू घरीच आहेस ना. मामा येणार आहेत, तू घरीच आहेस ना. नाईटची बाई दिवसा घरी असते ती कामावरून सुटून झोपायला आलेली असते. रात्री दोन वाजता तुमच्या घरी कोणी सिलिंडर घ्यायला उठवतं का तुम्हाला?

मनीमाऊ

शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. वहिनींना लवकर बरं वाटो.

बेलची वायर काढून ठेवा. आमच्याकडे ताईच्या नाईटच्या आठवड्यात काढतो. पहिल्याच दिवशी बाबा पेपर आणायला गेले आणि अर्धा तास बाहेर उभे, कारण ताईला उठवायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला. :)

ऑनकॉल

सर्जरीचा रेसिडेंट (शिकाऊ निवासी डॉक्टर) आहे, दुसरं वर्ष. कॉलेज सांगत नाही.

वहिनींना निदान "नाईट" तरी आहे. आमच्याकडे इमर्जन्सीचा दिवस सकाळी आठला सुरू होतो, रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशीची ओपीडी-राऊंड संपवून संध्याकाळी सहा-सातला सुटका. ३४-३६ तास. फर्स्ट इयरला असताना ओटीत रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरून उभ्याउभ्या झोपलोय. झोपलो हे मला कळलं नाही, हात सैल पडला तेव्हा लेक्चररना कळलं. त्यांनी रागावण्याऐवजी सिस्टरना माझ्या जागी दुसऱ्याला वॉश व्हायला बोलवायला सांगितलं. त्या दिवशी मला शिव्या परवडल्या असत्या.

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. २०२३च्या नियमावलीत मात्र "वाजवी" कामाचे तास एवढाच शब्द आहे. वाजवी म्हणजे किती ते ज्याच्या त्याच्या एचओडीवर (विभागप्रमुखावर).

ड्युटी रूममध्ये दोन कॉट आणि आम्ही पाच जण. खिडकीला पडदा नाही. कॉरिडॉरचा दिवा थेट तोंडावर.

सातपुडा

मी सर्जन, वय ६४. थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नये.

आम्हीही ३६ तास केले, कधी ४८ केले. त्याचं कौतुक सांगत नाही. पण रात्री नऊला आलेल्या रुग्णाचं पोट पहाटे चारला कसं बदलतं, हे तोच माणूस सतत हात लावून बघत असेल तरच कळतं. दर आठ-बारा तासांनी डॉक्टर बदलला तर रुग्णाची गोष्ट तुकड्यातुकड्यांत जाते. ओव्हर देताना जे सांगायचं राहतं त्यानेही माणसं दगावतात. शिवाय सर्जरी हाताने शिकायची विद्या आहे. तास निम्मे केले तर शिक्षणाची वर्षं वाढवणार का? झोप हवीच, पण तास कापणं हे एवढं सोपं उत्तर नाही.

आकडेमोड

@सातपुडा सर, तुमचा ओव्हरचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर अभ्यासही झालेत, त्याकडे येतो. आधी गोदाकाठ यांच्यासाठी.

१९९७मध्ये 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड यांचा छोटा शोधनिबंध आला. त्यांनी लोकांना जागं ठेवून हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली आणि तीच चाचणी दारू देऊनही घेतली. सलग १७ तास जागल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याएवढी घसरते, २४ तासांनी सुमारे ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे.

आता वहिनींचा दिवस मोजा. दुपारी तीनला उठतात. सकाळी साडेआठला स्कूटीला किल्ली लावतात तेव्हा साडेसतरा तास झालेले असतात, तेही मुळात तुटक साडेतीन-चार तासांच्या झोपेवर, सलग पाचव्या रात्री. दारू पिऊन कोणी स्कूटीवर बसलं तर आपण किल्ली काढून घेऊ. त्यामुळे पडदे वगैरे नंतर, आधी नाईटच्या आठवड्यात तिची स्कूटी बंद करा. रिक्षा, बस, तुम्ही, काहीही. २००५च्या एका अमेरिकी पाहणीत लांबलचक ड्युटी करून घरी निघालेल्या इंटर्न डॉक्टरांच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली होती.

आता सर तुमच्याकडे. अमेरिकेत हा वाद पेटला तो १९८४मध्ये न्यूयॉर्कला लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली तेव्हा. तिला बघणारे शिकाऊ डॉक्टर लांब ड्युटीवर होते आणि एकेकाकडे बरेच रुग्ण होते. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरलं. १९८९पासून न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तासांची मर्यादा आली, २००३मध्ये देशभर ८० तासांची. २००४मध्ये बोस्टनला आयसीयूत तुलना केली तेव्हा जुन्या, २४ तासांहून लांब ड्युट्यांमध्ये इंटर्नच्या हातून ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या.

पण तुमच्या बाजूचंही सांगतो. त्याच गटाने २०२०मध्ये लहान मुलांच्या आयसीयूंमध्ये पुन्हा प्रयोग केला, तर छोट्या ड्युट्यांमध्ये चुका वाढल्या. कारण शोधलं तर तास कमी केले होते, माणसं वाढवली नव्हती. एकेका डॉक्टरच्या वाट्याला जास्त रुग्ण आले. आणि ओव्हर ठरलेल्या साच्यात दिली की चुका घटतात, हेही नऊ रुग्णालयांत करून झालंय, २३ टक्के घटल्या. ओव्हर नीट होत नाही म्हणून माणसाला जागं ठेवायचं, हे छत गळतं म्हणून रात्रभर भांडं धरून बसण्यासारखं आहे.

ऑनकॉल

माणसं वाढवल्याशिवाय तास कमी होणार नाहीत हे आम्ही मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रत्येक निवेदनात लिहितो. आज कळलं त्यालाही अभ्यासाचा आधार आहे. प्रिंट काढून ठेवतो.

चिंचवडकर

माझं मत कोणाला आवडणार नाही. गेल्या वर्षी वडील एका खाजगी रुग्णालयात होते. दिवसाला पंधरा हजार बिल. रात्री साडेतीनला सलाईन संपली म्हणून बाहेर आलो तर सिस्टर टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या. मी फोटो काढला आणि सकाळी तक्रार केली. झोप महत्त्वाची, मान्य, पण ती ड्युटीवर कशी चालेल? माझ्या वडिलांना काही झालं असतं तर?

रातराणी

चिंचवडकर, तुमची काळजी बरोबर आहे. सलाईन संपल्यावर कोणी नसणं ही चूकच. पण त्या वॉर्डात त्या रात्री किती सिस्टर होत्या ते विचारलंत का?

पहाटे तीन ते पाच ही वेळ अशी असते की शरीर थंड पडतं, डोळे आपोआप मिटतात. तिथे मनाचा निर्धार चालत नाही, तो प्रत्येकीने करून बघितलेला असतो. आमच्याकडे दोघी असलो की आम्ही वाटून घ्यायचो. एक अर्धा तास पाठ टेकायची, दुसरी दोघींचे पेशंट बघायची. अर्ध्या तासाहून जास्त नाही, कारण गाढ झोपेतून उठवलं तर पुढची दहा-पंधरा मिनिटं माणूस भांबावलेला असतो. म्हणून उठल्यावर आधी तोंड धुवायचं, वॉर्डात एक चक्कर मारायची, मगच इंजेक्शनला हात लावायचा. हा नियम मला माझ्या इन्चार्ज सिस्टरने १९८८मध्ये शिकवला, कुठल्या पुस्तकात तेव्हा मी तरी वाचला नव्हता.

ठरवून घेतलेली अर्ध्या तासाची झोप आणि नकळत टेबलावर पडलेलं डोकं, यातली दुसरी गोष्ट धोक्याची. आणि पहिलीची सोय नसली की दुसरी होतेच.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

चिंचवडकर

मेमो दिला असं ऐकलं. नंतर ती दिसली नाही. तीस खाटांना रात्री एकच सिस्टर होती, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. फोटो फोनमधून काढून टाकतो आहे.

कोकणकन्या

सगळं रुग्णालयांबद्दल चाललंय म्हणून लिहिते. मी आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांचं काम बघते. डोंगरातल्या वाड्या. आमच्याकडे रोस्टरच नाही. रात्री दोनला बाळंतपणाची बाई निघाली की आशा सोबत निघते. १०८ येईपर्यंत तिच्या घरी, मग गाडीतून केंद्रावर, तिथून कधी पुढे जिल्ह्याला. सकाळी परत आली की सर्वेक्षण थांबत नाही, घरचं जेवण थांबत नाही, मोबाइलवर भरायची माहितीही थांबत नाही. ती कर्मचारी म्हणून धरलेली नाही, कामामागे मोबदला मिळतो, त्यामुळे "काल रात्रभर जागी होते, आज नाही येत" म्हणायची सोय नाही.

आमच्या केंद्राचे डॉक्टरही तसेच. दोन जागा, एक भरलेली. कागदावर ते चोवीस तास मुख्यालयी. पावसाळ्यात विंचू-साप रात्रीच येतात. गेल्या आषाढात सर्पदंशाच्या मुलापाशी ते रात्रभर बसले, दर थोड्या वेळाने त्याच्या पापण्या उघडतात का बघत होते. मूल वाचलं. सकाळी नऊला ओपीडीला रांग लागली आणि एक जण ओरडला, डॉक्टर दहा मिनिटं उशिरा का आले.

लीड्सहून

इथे इंग्लंडमध्ये ज्युनिअर डॉक्टरांच्या २०१६च्या करारात हे लिहून ठेवलंय: एक ड्युटी १३ तासांहून लांब नाही, कोणत्याही सलग १६८ तासांत ७२हून जास्त काम नाही, सलग चारहून जास्त रात्री नाहीत आणि त्या झाल्या की ४६ तास विश्रांती. मला सगळ्यात आवडलेलं कलम वेगळं आहे. रात्रीनंतर "मी गाडी चालवायच्या स्थितीत नाही" असं वाटलं तर रुग्णालयाने झोपायला जागा द्यायची किंवा घरी जायची सोय करायची. मी दोनदा ती खोली वापरली. कोणी तोंड वाकडं केलं नाही. इथेही माणसं कमी आहेत, थकवा आहे, संप झाले. पण "मी थकलोय" हे वाक्य कबुलीजबाबासारखं म्हणावं लागत नाही.

आकाशवेडा

मी विमान देखभालीत आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती आपल्याकडे नव्या नियमांत ३६वरून ४८ तासांवर नेली. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण नाकारावं हे त्याचं कर्तव्य समजतात. थकलेल्या सर्जनने ऑपरेशन नाकारलं तर आपण त्याला काय म्हणू?

सातपुडा

दोन दिवस विचार करत होतो. मी जे सांगणार आहे ते घरीही सांगितलेलं नाही.

१९९१, तालुक्याचं गाव, मी एकटा. तिसरी रात्र. पहाटे चारच्या सुमाराला आकडीचं बाळ आलं, आठ महिन्यांचं. मी डोस लिहिला आणि दशांश चिन्ह द्यायचं राहिलं. दहापट. मला आजही माझं अक्षर दिसतं, अगदी व्यवस्थित, सुवाच्य. हात थरथरत नव्हता, डोळे मिटत नव्हते. आपण थकलोय असं मला वाटतही नव्हतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट. सिस्टर कागद घेऊन परत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सर, हे परत एकदा वाचता?"

त्या सिस्टर संध्याकाळी झोप काढून ड्युटीवर आलेल्या होत्या. मी नव्हतो. बाळ वाचलं ते त्यांच्या झोपेवर.

रुग्णाकडे सतत एकाच डोळ्यांनी बघावं हे माझं मत अजून आहे. पण ते डोळे उघडे असले तरी बघतातच असं नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना ३६ तास लावत आलो. आमच्या युनिटमध्ये पोस्ट-इमर्जन्सीचा, म्हणजे रात्रभर इमर्जन्सी केलेला, माणूस दुपारी एकला सुटेल असं या महिन्यापासून करून बघतो आहे. ओपीडीत मी स्वतः बसेन. ओव्हरचा तो साचा कसा असतो ते आकडेमोड यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

ऑनकॉल

सर, तुमच्या युनिटला जागा आहे का? :) खरंच, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज रात्री इमर्जन्सी आहे. हे वाचून जातोय.

माई

मी सासू आहे, म्हणून बोलते. सून नर्स. पहिली दोन वर्षं मी शेजारी-पाजारी सांगत असे, आमची सून दिवसभर लोळते. मग ह्यांचं ऑपरेशन झालं आणि मी चार रात्री दवाखान्यात खुर्चीवर काढल्या. झोप येईना म्हणून सिस्टर किती वेळा उठते ते मोजत बसले. सव्वीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. घरी आल्यावर सुनेला काही बोलले नाही, बोलायला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून कुकर सकाळी सातलाच लावायला लागले आणि दुपारी दार मीच सांभाळते.

गोदाकाठ, तुमच्या आईंना हे वाचून दाखवा. तीनचा चहा त्या स्वतः करून पिऊ शकतात.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. परवा तिच्या नाईट संपल्या.

माईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. पण नाईटच्या पहिल्याच दिवशी मुलीला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत वेण्या घालत बसली होती, कुजबुजत. चहा स्वतः केला, गाळणं शेजारच्यांकडे नेऊन गाळला म्हणे, भांड्यांचा आवाज नको म्हणून. मुलीने दारावर चित्र चिकटवलंय, पलंग आणि त्यावर चंद्र. पार्सलवाला ते बघून खालीच ठेवून जातो. वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, त्यांनी फरशीचं काम दुपारी तीननंतर करायला लावलं. आधी कधी विचारलंच नव्हतं.

स्कूटी सातही दिवस बंद. सकाळी साडेआठला मी घ्यायला जायचो, बँकेत रोज अर्धा तास उशीर. मॅनेजरना कारण सांगितलं, त्यांची बहीण रेडिओलॉजीत टेक्निशियन निघाली.

सलग साडेपाच तास झोप मिळाली, सातपैकी पाच दिवस. चौथ्या दिवशी ती झोपेत हसली, असं आई सांगते.

रुग्णालयाचं अर्धंच झालं. सहा जणींनी लेखी दिलं. सलग सातऐवजी चार नाईट करायला नाही म्हणाले, जागा रिकाम्या आहेत म्हणून. पण पहाटे आळीपाळीने अर्धा तास पाठ टेकायला स्टोअरशेजारची खोली उघडून दिली, आणि इन्सुलिन व पोटॅशियम दोघींनी तपासल्याशिवाय द्यायचं नाही असं वहीत लिहून सह्या घेतल्या. बायको म्हणते खोलीपेक्षा ती दुसरी सही जास्त कामाची आहे. चारचं पुन्हा दिवाळीनंतर मांडणार आहेत.

रातराणी

पोटॅशियमची दुसरी सही सोडू नका म्हणावं, स्टाफ वाढला तरी. आणि नाईट संपल्यावर पहिल्या दिवशी फार वेळ झोपू देऊ नका. सकाळी दोन-तीन तास झोपून उठायचं, मग रात्री वेळेवर. नाहीतर ऑफचा दिवस उलटापालटा जातो.

ऑनकॉल

@गोदाकाठ, पडद्याचं कापड कोणतं घेतलंत आणि किती पडलं? ड्युटी रूमसाठी वर्गणी काढतोय. पाच जण आहोत.

गोदाकाठ

काळं अस्तर लावलेलं जाड कापड, मेन रोडवर मिळालं. आमच्या खिडकीला तीन मीटर लागलं. तुमच्या खिडकीचं माप व्यनि करा, आईकडे मशीन आहे, ती शिवून देईन म्हणतेय. वर्गणी राहू दे.